युद्धातील मुले आणि त्यांची शाळा
(वळिवडे येथील पोलिश छावणीच्या निमित्ताने)

लग्नाचा बस्ता बांधायचा असला की कोल्हापूर-सांगलीकडची माणसे गांधीनगरला जातात. आपल्या महाविद्यालयातील बहुतेक विद्यार्थी कधी ना कधी घरच्या मंडळींबरोबर तेथे जाऊन आले असतील. कापडाच्या पेढ्यांची ती गर्दी पाहताना एक गोष्ट मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ही वस्ती निर्वासितांच्या छावणीच्या जागेवर वसलेली आहे. फाळणीनंतर सिंधी कुटुंबे येथे आली, हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु त्यांच्या आधी, १९४३ ते १९४८ या काळात, वळिवड्याच्या याच माळावर सुमारे पाच हजार पोलिश माणसे राहत होती आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती, हे फार थोड्यांना माहीत असते.

दीर्घकाळ चालणाऱ्या युद्धाचा मुलांच्या शिक्षणावर व मानसिक आरोग्यावर काय परिणाम होतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. या विषयावर मानसशास्त्राच्या पुस्तकांतून पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु जो प्रश्न आपल्या उंबरठ्यापर्यंत एकदा येऊन गेला, तो दूरच्या उदाहरणांवरून समजून घेण्यापेक्षा वळिवड्याच्या छावणीवरून समजून घेणे अधिक उपयुक्त होईल असे वाटते.

लांबलेले युद्ध म्हणजे काय?

युद्ध थोडे दिवसांचे असले तर मुलाच्या आयुष्यात ती एक घटना असते. शाळा महिनाभर बंद राहते, दिवे मालवले जातात, वडीलमाणसे हळू आवाजात बोलतात आणि पुढे सारे पूर्ववत होते. युद्ध वर्षानुवर्षे चालले म्हणजे मात्र ते मुलाचे बालपणच होऊन बसते. सीरियातील यादवी १९११ साली नव्हे, अगदी अलीकडे, २०११ साली सुरू झाली आणि तेथील राजवट डिसेंबर २०२४ मध्ये कोसळली. प्रारंभी सहा वर्षांचे असलेले मूल तोपर्यंत एकोणीस वर्षांचे झाले होते. म्हणजे पहिलीच्या वयापासून महाविद्यालयाच्या वयापर्यंतचा त्याचा सारा काळ युद्धातच सरला.

प्रौढ माणसाचे आयुष्य युद्धामुळे थांबते. युद्ध संपल्यावर तो आपला धंदा, आपली शेती पुन्हा हाती घेऊ शकतो. मुलाची वाढ थांबून राहत नाही. वाचायला शिकण्याचे वय, मित्र जोडण्याचे वय, वडीलधाऱ्यांवर विसंबून राहण्याचे वय ठरल्या वेळी येते व निघून जाते. म्हणूनच मुलाच्या बाबतीत शिक्षणाचे नुकसान आणि मनाचे नुकसान असे दोन वेगळे हिशेब मांडता येत नाहीत.

ब्रिटनचा अनुभव

या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास दुसऱ्या महायुद्धात प्रथम मोठ्या प्रमाणावर झाला. १ सप्टेंबर १९३९ पासून अवघ्या तीन दिवसांत ब्रिटनमधील शहरांतून सुमारे पंधरा लाख माणसे खेड्यापाड्यांत हलविण्यात आली. त्यांत बहुतेक शाळकरी मुले होती. गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवून ही मुले अनोळखी कुटुंबांत राहावयास गेली. खेड्यांतील शाळा अपुऱ्या पडल्या व दोन पाळ्यांत भरू लागल्या. इकडे शहरातील शाळा बंद झाल्या होत्या किंवा नागरी संरक्षणासाठी ताब्यात घेतल्या गेल्या होत्या. बॉम्ब लगेच पडले नाहीत, तेव्हा १९४० च्या जानेवारीपर्यंत जवळजवळ निम्मी मुले परत शहरात आली. तेथे त्यांना शाळा मिळेना, आणि कित्येक मुले रस्त्यावर भटकू लागली.

याच काळात ॲना फ्रॉइड व डोरोथी बर्लिंगहॅम या दोघींनी लंडनमध्ये हॅम्पस्टेड येथे युद्धग्रस्त लहान मुलांसाठी संगोपनगृहे चालविली. त्यांनी केलेल्या निरीक्षणांतून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. पहिली अशी की, लहान मुलाला बॉम्बहल्ल्यापेक्षा आईपासून झालेली ताटातूट अधिक जाचते. आई शांत असली तर तिच्या कुशीतील मूल हल्ल्यातही झोपी जाते. आई थरथरू लागली की मूलही थरथरते. दुसरी गोष्ट अशी की, घराबाहेर पडलेले मूल अनेकदा मागच्या वयात परत जाते. शिकलेले बोलणे विसरते, अंथरूण ओले करू लागते, अंगठा चोखू लागते. यालाच मानसशास्त्रात प्रतिगमन म्हणतात. हा हट्टीपणा किंवा आळस नव्हे, हे शिक्षकाने विशेष लक्षात ठेवले पाहिजे.

त्यांनी नोंदवलेले चार वर्षांच्या एका मुलाचे उदाहरण फार बोलके आहे. त्याचे वडील हवाई हल्ल्यात मारले गेले होते, पण तो ते मान्य करीत नसे. तो कागदाची घरे मांडी, त्यांवर गोट्यांचे बॉम्ब टाकी आणि घरे पुन्हा उभी करी. त्याच्या खेळात सारी माणसे दर वेळी वाचत. हाच खेळ तो पुन्हा पुन्हा खेळत राहिला. काही महिन्यांनी वडिलांचा मृत्यू त्याला शब्दांत सांगता आला, तेव्हा तो खेळ थांबला. मुलाला आपले दुःख प्रथम खेळातून आणि नंतर भाषेतून बाहेर काढावे लागते, व त्यासाठी त्याला निवांत जागा, वेळ आणि विश्वासू माणूस लागते, हा या उदाहरणाचा बोध आहे.

पोलंड ते वळिवडे

ब्रिटिश मुलांपाशी निदान आपला देश व आपली भाषा होती. पोलिश मुलांचे तेही राहिले नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये पश्चिमेकडून जर्मनीने व पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने पोलंडचा घास घेतला. जर्मनांच्या ताब्यातील भागात पोलिश मुलांसाठी माध्यमिक शाळा व विद्यापीठे बंद करण्यात आली. मे १९४० मध्ये हिमलरने जे टिपण तयार केले, त्यात पोलिश मुलांना पाचशेपर्यंत मोजणे, आपले नाव लिहिणे व जर्मनांच्या आज्ञेत राहणे एवढे शिकविले म्हणजे पुरे, वाचायला शिकविण्याची गरज नाही, असे म्हटले होते. एखाद्या समाजाला कायमचे गुलाम करायचे तर प्रथम त्याच्या शाळेवर घाला घालावा लागतो, हे आक्रमकांना नेमके समजले होते. पोलिश शिक्षकांनाही ते समजले होते. त्यांनी गुप्त संघटना स्थापन करून घराघरांतून चोरून वर्ग चालविले. त्यासाठी पकडल्या गेलेल्या शिक्षकांना छळछावण्यांची वाट धरावी लागली.

पूर्व पोलंडमधील कुटुंबांवर निराळा प्रसंग आला. फेब्रुवारी १९४० पासून जून १९४१ पर्यंत चार टप्प्यांत लाखो माणसांना मालगाड्यांत कोंबून सैबेरिया, उत्तर रशिया व कझाकस्तान येथे पाठविण्यात आले. तेथे मोठी माणसे जंगलतोडीच्या कामाला जुंपली गेली आणि मुले सरपण व रानफळे गोळा करू लागली. जर्मनीने रशियावर हल्ला केल्यावर चित्र पालटले. जुलै १९४१ च्या करारानंतर या लोकांची सुटका झाली व त्यांच्यातून पोलिश सैन्य उभारले जाऊ लागले. सैन्याच्या मागोमाग उपाशी कुटुंबे दक्षिणेकडे निघाली. वाटेत टायफसने व भुकेने असंख्य माणसे दगावली आणि हजारो मुले पोरकी झाली. १९४२ साली कॅस्पियन समुद्र ओलांडून एक लाखाहून अधिक पोलिश माणसे इराणात पोहोचली. तेथून मुलांच्या तुकड्या इस्फहानला, आफ्रिकेतील छावण्यांत आणि भारतात पाठविण्यात आल्या.

भारतात प्रथम जामनगरजवळ बालाचडी येथे नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ साली या मुलांना आसरा दिला. पुढे १९४३ मध्ये कोल्हापूर संस्थानात वळिवड्याची मोठी छावणी उभी राहिली. बालाचडीची छावणी १९४६ मध्ये बंद झाल्यावर तेथील बरीच मुलेही वळिवड्यास आली.

भाकरी लपविणारी मुले

या मुलांच्या आठवणी पुढे ठिकठिकाणी प्रसिद्ध झाल्या आहेत. त्यांत एक गोष्ट वारंवार येते. पोटभर जेवण मिळू लागल्यावरही मुले पावाचे तुकडे उशीखाली लपवून ठेवीत. उद्या अन्न मिळेल यावर त्यांचा विश्वासच उरला नव्हता. येथे आपण जरा थांबून विचार केला पाहिजे. शिक्षणाचा सारा डोलारा ‘उद्या’ या एका शब्दावर उभा असतो. आज पाढे पाठ करायचे ते उद्या उपयोगी पडतील म्हणून. ज्या मुलाच्या मनात उद्याची खात्री नाही, ते मूल अभ्यासात रमत नाही. अशा वेळी त्याला मंदबुद्धी ठरविणे हा मोठा अन्याय होय. त्याचे लक्ष सतत पहाऱ्यावर असते. मोठा आवाज झाला की ते दचकते, रात्री झोप लागत नाही, आणि दिवसा डोळे पुस्तकावर असले तरी मन दुसरीकडे असते. अशा लक्षणांच्या समूहाला १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आघातोत्तर ताणविकार असे नाव देऊन आपल्या वर्गीकरणात स्थान दिले. वळिवड्याच्या शिक्षकांपाशी हे नाव नव्हते. लक्षणे मात्र रोज समोर बाकांवर बसलेली होती.

बालाचडीची दुसरी एक आठवण सांगितली जाते. तेथील मुलांना पालकाची भाजी आवडेना, म्हणून त्यांनी ती खाण्यास चक्क नकार दिला. जामसाहेबांच्या कानावर हे गेले तेव्हा त्यांनी ती भाजी बंद करविली. गोष्ट हसण्यासारखी आहे, पण मानसशास्त्राच्या दृष्टीने तिचे मोल मोठे आहे. जे मूल काल पाव लपवीत होते, ते आज ताटातली भाजी नको म्हणते. याचा अर्थ उद्याचे जेवण येणारच, असे त्याच्या मनाने मानले आहे. रागावण्याची, हट्ट करण्याची मुभा मिळणे हे बालपण परत आल्याचे लक्षण होय.

छावणीतील शाळा

वळिवड्याच्या छावणीत कौलारू बराकी होत्या, दवाखाना होता, प्रार्थनामंदिर होते, अनाथ मुलांचे वसतिगृह होते. परंतु सर्वांत आधी लक्षात येते ती तेथील शाळांची व्यवस्था. प्राथमिक शाळा, माध्यमिक विद्यालय आणि व्यवसाय शिक्षणाचे वर्ग तेथे चालत. शिक्षण पोलिश भाषेत होई. बालवीर व वीरबाला यांची पथके होती. नाटके, लोकनृत्ये आणि सणसमारंभ होत. वडील व मोठे भाऊ सैन्यात असल्याने हा सारा व्याप प्रामुख्याने स्त्रियांनी सांभाळला.

अडचणी थोड्या नव्हत्या. पुस्तकांचा तुटवडा होता. हवामान अनोळखी होते आणि हिवतापाने अनेकजण आजारी पडत. सर्वांत मोठी अडचण वयाची होती. १९४० ते १९४२ ही दोन-तीन वर्षे मुलांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते, किंवा पाहिले ते परक्या भाषेतील शाळेचे. त्यामुळे वयाने मोठी मुले खालच्या वर्गात बसू लागली. मोठ्या मुलाला लहानांत बसण्याची लाज वाटते, आणि ही लाज पुष्कळदा शाळा सोडण्याचे कारण ठरते. यावर उपाय म्हणजे अशा मुलांसाठी शिक्षणक्रम आटोपशीर करून तो कमी काळात पुरा करून घेणे. निर्वासित मुलांच्या शिक्षणात आज जगभर हीच पद्धत वापरतात.

आता प्रश्न असा की, या शाळेने मुलांच्या मनासाठी नेमके काय केले? माझ्या मते तीन गोष्टी केल्या.

पहिली गोष्ट वेळापत्रकाची. निर्वासित मुलाचा दिवस आकारहीन असतो. घंटा, तास, मधली सुट्टी, परीक्षा, नवा वर्ग या क्रमाने त्याच्या काळाला पुन्हा आकार येतो. तिमाही परीक्षेची भीती ही युद्धाच्या भीतीपुढे किती साधी, किती निरोगी भीती! दुसरी गोष्ट शिक्षकाची. आईवडील गमावलेल्या मुलाला रोज ठरल्या वेळी येणारे, आपले नाव ठाऊक असणारे एक मोठे माणूस मिळते. ॲना फ्रॉइडच्या निरीक्षणांशी हे ताडून पाहावे. तिसरी गोष्ट भाषेची. मुलाने जे भोगले ते सांगण्यासाठी त्याला स्वतःची भाषा हवी. आपल्या भाषेत निबंध लिहिणारे, गाणे म्हणणारे, नाटकात काम करणारे मूल आपले दुःख हळूहळू बाहेर आणते, शिवाय आपण कोण आहोत हेही विसरत नाही.

येथे एक आक्षेप येईल. उपाशी मुलाला आधी भाकरी द्यावी, औषध द्यावे. शाळेची घाई कशाला? भाकरी आणि औषध आधी, यात वादच नाही. परंतु ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांमध्ये किती अंतर असावे, हा खरा प्रश्न आहे. युद्ध संपल्यावर शाळा काढू, असे वळिवड्यातील पोलिश स्त्रियांनी म्हटले असते, तर आणखी दोन वर्षे गेली असती. आणि युद्ध संपल्यावरही त्यांना गाव मिळालेच नाही. १९४५ नंतर पूर्व पोलंड सोव्हिएत संघात गेला व बहुतेकांच्या घरांची वाट बंद झाली. १९४७-४८ मध्ये छावणी उठली तेव्हा अनेकजण ब्रिटनला गेले, काही ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका येथे गेले, काही पोलंडला परतले. त्यांच्याबरोबर जमीन नव्हती, घर नव्हते. बरोबर होते ते वळिवड्यात मिळालेले शिक्षण.

भरून न येणारे नुकसान

तथापि शाळेने सर्व जखमा भरतात असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. अर्थशास्त्रज्ञ इचिनो व विंटर-एब्मर यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जर्मनी व ऑस्ट्रिया या युद्धग्रस्त देशांची तुलना स्वित्झर्लंड व स्वीडन या तटस्थ देशांशी केली. युद्धकाळात दहा वर्षांच्या आसपास असलेल्या जर्मन व ऑस्ट्रियन मुलांना शिक्षण कमी मिळाले, आणि त्यामुळे १९८० नंतरच्या दशकातही, म्हणजे चाळीस वर्षांनी, त्यांची कमाई कमी राहिली असे त्यांना आढळले. त्या दशकात ही माणसे पन्नाशीत होती.

मनाची जखम तर पुढच्या पिढीपर्यंत जाऊ शकते. महायुद्धात फिनलंडमधून सुमारे सत्तर हजार मुले सुरक्षिततेसाठी स्वीडनमध्ये पाठविण्यात आली होती. हेतू चांगला होता, मुलांचे हालही झाले नाहीत. तरीही पुढे केलेल्या अभ्यासांत असे दिसले की, पाठविल्या गेलेल्या मुलींमध्ये घरी राहिलेल्या बहिणींपेक्षा विषण्णतेसारख्या विकारांचे प्रमाण अधिक होते, आणि २०१७ च्या अभ्यासानुसार त्यांच्या मुलींमध्येही ते अधिक आढळले. म्हणजे मुलाला केवळ बॉम्बपासून दूर नेले की काम संपले, असे नाही. त्याच्याबरोबर कोण गेले, हेही पाहावे लागते. वळिवड्यात पुष्कळ मुलांच्या आया बरोबर होत्या, ही त्या छावणीची मोठी जमेची बाजू होती.

दुसऱ्या बाजूने आशेचा पुरावाही आहे. सिएरा लिओनमधील १९९१ ते २००२ या यादवीत मुलांच्या हाती बंदुका देण्यात आल्या होत्या. अशा मुलांचा थेरेसा बेटनकोर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे मागोवा घेतला. ज्यांना गावाने स्वीकारले व ज्यांना शाळेत टिकता आले, त्यांची मानसिक स्थिती अधिक चांगली राहिली. मुलाने काय भोगले याइतकेच, नंतर त्याला कोणी जवळ केले, याला महत्त्व आहे.

आजचे चित्र

१९८९ च्या बालहक्क करारात शिक्षणाचा हक्क आहे, आणि युद्धाने पीडित मुलांच्या शारीरिक व मानसिक पुनर्वसनाची जबाबदारीही राष्ट्रांवर टाकलेली आहे. भारताने हा करार १९९२ मध्ये स्वीकारला. १९९६ मध्ये ग्रासा माशेल यांनी संयुक्त राष्ट्रांना सादर केलेल्या अहवालाने युद्धातील मुलांचा प्रश्न जगापुढे ठेवला, आणि युद्ध चालू असतानाही शिक्षण चालू राहिले पाहिजे असा आग्रह धरला. कागदावर एवढे असूनही शाळांवरील घाला थांबलेला नाही. ऑक्टोबर २०२३ पासून गाझात सुमारे सव्वासहा लाख विद्यार्थ्यांचे नियमित शिक्षण थांबले, आणि शाळांच्या इमारती बेघरांचा आसरा बनल्या. युक्रेनमधील खारकीव्ह शहरात २०२३ पासून भुयारी रेल्वेच्या स्थानकांत वर्ग भरविण्यात आले. जमिनीखाली बाके मांडून फळ्यावर गणित लिहिणारा तेथील शिक्षक आणि वळिवड्याच्या बराकीत व्याकरण शिकविणारी पोलिश शिक्षिका यांचे काम एकच आहे.

२०२२ मध्ये युक्रेनमधून लक्षावधी स्त्रिया व मुले पोलंडमध्ये आली आणि तेथील शाळांनी त्यांतील पुष्कळ मुलांना आपल्या बाकांवर जागा दिली. ज्या देशाची मुले एकदा कोल्हापूरच्या माळावर शिकली, त्या देशाने दुसऱ्यांच्या मुलांसाठी दार उघडले, ही नोंद करण्यासारखी गोष्ट आहे.

समारोप

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी काहीजण उद्या शिक्षक होतील. आपल्या वर्गात युद्धातून आलेले मूल कदाचित कधी बसणार नाही. पण दंगलीतून, महापुरातून, धरणाखाली गेलेल्या गावातून किंवा ऊसतोडीच्या फडातून आलेले मूल निश्चित बसेल. ते वर्गात गप्प राहील, डब्यातली अर्धी भाकरी दप्तरात लपवील, वयाने मोठे असून खालच्या वर्गात अवघडून बसेल. त्याला रागावण्यापूर्वी, त्याचा ‘उद्या’ कुठे हरवला आहे, हे विचारावे.

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश लोकांनी उभारलेला स्मृतिस्तंभ आहे. वळिवडे-कोल्हापूरच्या छावणीचे स्मारक वॉर्सा शहरातही असून, ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे जाऊन आदरांजली वाहिली. ही स्मारके आपण अवश्य पाहावीत. परंतु पुढच्या खेपेस गांधीनगरला गेलात, तर दुकानात शिरण्यापूर्वी घटकाभर थांबून एवढे मनात आणावे, की या जागी एकदा घरदार गमावलेल्या मुलांची शाळा भरत होती, तिची घंटा ठरल्या वेळी वाजत होती, आणि मुले धावत वर्गात जात होती.